देहाचेही पडिलेहण हवे

सकाळ-संध्याकाळ साधू-साध्वी आपली वस्त्रे, पात्रे, आसन, संथारा एकेक करून उलगडून पाहतात. वस्त्राची पुढची बाजू पाहून झाली की मागची, मग कडा, मग घड्या. एखादा सूक्ष्म जीव तेथे अडकला असेल तर त्याची विराधना होऊ नये, हा त्यामागील हेतू. या क्रियेला पडिलेहण अर्थात प्रतिलेखन म्हणतात. पौषधात बसलेले श्रावक-श्राविकाही ते करतात. जे वरवर स्वच्छ दिसते तेही उलटून पाहावे आणि जिथे नजर सहजासहजी पोहोचत नाही तिथे ती मुद्दाम न्यावी, हे या क्रियेचे मर्म होय.

ज्या देहाच्या आधारे धर्माराधना घडते, त्या देहाकडे मात्र आपण असे क्वचितच पाहतो. चेहऱ्यावरचा लहानसा डाग आरशात दहा वेळा पाहिला जातो. पायाचा तळवा, नखाखालची जागा, कमरेवर नाडी रुतते तेथील त्वचा, लहानपणी भाजल्याचा जुना वण यांच्याकडे वर्षानुवर्षे लक्ष जात नाही. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या माणसांमध्ये त्वचेचे जे मोजके कर्करोग आढळतात, त्यांतील बरेचसे नेमके याच जागी निर्माण होतात.

अर्धे सत्य

त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा आजार आहे, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. त्यात अर्धे सत्य आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींची संख्या गोऱ्या आणि काळ्या माणसात जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी तयार करीत असलेल्या मेलॅनिन या रंगद्रव्याच्या प्रमाणात आणि त्वचेत ते कसे पसरले आहे यात. सावळ्या त्वचेत मेलॅनिनचे कण मोठे असतात आणि ते सुटेसुटे, सर्वत्र पसरलेले असतात. सूर्याच्या अतिनील किरणांपासून पेशींचे रक्षण करणारी ही जणू निसर्गाने दिलेली छत्रीच आहे. त्यामुळे ऑस्ट्रेलियातील गौरवर्णीय लोकांत घरोघरी आढळणारा हा आजार भारतात एकूण कर्करोगांच्या तुलनेत फारच थोडा दिसतो.

परंतु ही छत्री उन्हापासूनच वाचवते. ज्या कर्करोगांचा उन्हाशी फारसा संबंध नाही, त्यांच्यापुढे तिचा उपयोग होत नाही. तळवे आणि नखे येथे होणारा कर्करोग सर्व वर्णांच्या लोकांत साधारण सारख्याच प्रमाणात आढळतो. उन्हामुळे होणारे प्रकार आपल्याकडे कमी असल्याने, जे थोडे रुग्ण दिसतात त्यांत या आडजागेच्या कर्करोगांचा वाटा मोठा असतो.

रोग विरळा असला की तो सौम्यही असेल, असे मन गृहीत धरते. वस्तुस्थिती वेगळी आहे. अमेरिकेतील आकडेवारी पाहिली तर मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगानंतर पाच वर्षे जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण गोऱ्या लोकांत सुमारे ९४ टक्के, तर कृष्णवर्णीयांत सुमारे ७० टक्के आहे. या तफावतीमागे अनेक कारणे आहेत. त्यांतील एक ठळक कारण म्हणजे निदानाला झालेला उशीर. ‘हा आजार आपल्याला होत नाही’ या समजुतीत रुग्ण असतो, नातेवाईक असतात आणि कित्येकदा पहिला डॉक्टरही असतो.

अंगठ्यावरची जखम

जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. फुटबॉल हा त्यांचा अतिशय आवडता खेळ. १९७७ साली उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम बरी होईना, तेव्हा ती खेळातली दुखापत असावी असेच वाटले. तपासणीत नखाखाली मेलानोमा असल्याचे निष्पन्न झाले. अंगठा काढून टाकण्याचा सल्ला त्यांनी मानला नाही. नख आणि त्याखालचा काही भाग काढून तेथे दुसरीकडची त्वचा बसवण्यात आली आणि गाण्याचे दौरे चालू राहिले. सप्टेंबर १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये धावताना ते कोसळले, तेव्हा रोग मेंदूपर्यंत पोहोचलेला होता. ११ मे १९८१ रोजी मायामी येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे ३६ वर्षे.

फुटबॉलच्या दुखापतीने त्यांना कर्करोग झाला, असे आजही अनेक जण सांगतात. दुखापतीमुळे झाले ते इतकेच की रोगाला एक सोयीचे कारण मिळाले. आपल्या घरांतही असेच घडते. अंगठा काळा पडला की ‘ठेच लागली असेल’, तळव्यावर गाठ आली की ‘कुरूप झाले’, जखम चिघळली की ‘साखर वाढली असेल’, अशी कारणे हाताशी तयार असतात. बहुतेक वेळा ती खरीही असतात. म्हणूनच एखाद्या वेळी ती खोटी ठरली तर कोणाच्या ध्यानात येत नाही.

हा रोग वैद्यकशास्त्राला नवा नाही. इंग्लंडचे शल्यचिकित्सक जोनाथन हचिन्सन यांनी १८८६ साली नखाच्या अशा कर्करोगाचे वर्णन केले आणि त्याला जे नाव दिले त्याचा मराठीत अर्थ होतो ‘काळे नखुरडे’. नखाचा काळेपणा नखापुरता न राहता भोवतालच्या कातडीवर उतरला असेल तर ते धोक्याचे चिन्ह होय, हे त्यांचे निरीक्षण आजही त्यांच्याच नावाने शिकवले जाते.

साधे काय आणि संशयास्पद काय

सावळ्या वर्णाच्या माणसांच्या नखांवर उभ्या तपकिरी रेषा दिसणे सामान्य आहे. अनेक बोटांवर अशा रेषा असतील आणि त्या वर्षानुवर्षे जशाच्या तशा असतील, तर सहसा भिण्याचे कारण नसते. मात्र प्रौढ वयात एकाच बोटावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, नवी रेषा उमटली, ती तीन मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असली, तिच्या कडा अस्पष्ट असल्या, ती वाढत गेली किंवा नख मधोमध चिरू लागले, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. ठेच लागून साकळलेले रक्त नखाबरोबर हळूहळू पुढे सरकते आणि मुळाशी स्वच्छ नख येऊ लागते. डाग मुळाशी तसाच राहिला तर ते साधे रक्त नसण्याची शक्यता असते.

तळव्यावरचा डाग कसा ओळखावा? एका डागात दोन-तीन रंग, वेडीवाकडी कड, महिन्यागणिक वाढणारा आकार, आपोआप येणारे रक्त, दोन महिन्यांतही न भरणारी जखम आणि ज्याचे निदान कोणालाच नीट सांगता येत नाही असा कोणताही फोड, ही सारी दाखवण्याजोगी लक्षणे आहेत. काही वेळा या कर्करोगाला काळा रंगही नसतो. तो गुलाबी, मांसल दिसतो आणि चामखीळ किंवा कुरूप समजून त्यावर पट्ट्या लावल्या जातात. कुरुपाची पट्टी लावूनही जे बरे होत नाही, ते कुरूप आहे असे धरून चालू नये.

त्वचारोगतज्ज्ञांकडे डर्मोस्कोप नावाचे प्रकाशयुक्त भिंग असते. तळव्याच्या त्वचेवर बोटांच्या ठशांसारख्याच रेषा असतात. रंग या रेषांमधील खाचांत असेल तर तो सहसा साधा तीळ असतो. उंचवट्यांवर असेल तर संशय वाढतो. ही तपासणी काही मिनिटांची असते, तिच्यात सुई नसते आणि वेदनाही नसतात.

अनवाणी पावले

जैन समाजाला या विषयाकडे अधिक आस्थेने पाहण्याचे आणखी एक कारण आहे. आपले साधू-साध्वी आजन्म अनवाणी विहार करतात. अनवाणी चालण्याने हा कर्करोग होतो, असे सिद्ध झालेले नाही आणि तशी भीती कोणी बाळगू नये. परंतु ज्या तळव्यांना रोज काटे, खडे, डांबराचे चटके सोसावे लागतात, त्यांच्यावर भेगा, घट्टे आणि काळे डाग असणारच, असे सर्वांनी मानलेले असते. अशा तळव्यावर एखादा खरोखरीचा संशयास्पद डाग आला तर तो इतर खुणांत हरवून जातो. शिवाय परिषह समतेने सहन करणे हा साधुजीवनाचा भागच असल्याने तक्रार ऐकू येत नाही. साध्वीजींच्या बाबतीत संकोचाची आणखी एक भिंत असते.

वैयावृत्त्य हे आपल्याकडे अभ्यंतर तप मानले आहे. चातुर्मासात संघातर्फे औषधोपचाराची व्यवस्था होतेच. कार्तिकी पौर्णिमेनंतर विहार सुरू होण्यापूर्वी एकदा त्वचारोगतज्ज्ञांकडून, साध्वीजींसाठी स्त्री-डॉक्टरांकडून, तळव्यांची तपासणी करवून घेण्याची विनंती संघाने केली, तर त्यासाठी फारसा खर्च येणार नाही आणि मर्यादेलाही बाधा येणार नाही.

धोतराची गाठ, परकराची नाडी

सावळ्या त्वचेचा दुसरा कर्करोग जुन्या जखमांशी आणि सततच्या घर्षणाशी निगडित आहे. याचा अभ्यास करणाऱ्यांत एक नाव मुंबईचे आहे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी भारतीय रीतिरिवाज आणि कर्करोग यांचा संबंध बारकाईने तपासला. १९४५ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासामुळे ‘धोतराचा कर्करोग’ ही संज्ञा वैद्यकीय ग्रंथांत आली. वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच रेषेवर घट्ट बांधलेले वस्त्र, त्याखाली साठणारा घाम आणि धूळ, सततचे घर्षण यांमुळे तेथील त्वचा आधी काळवंडते किंवा पांढरट पडते, मग जाड होते, खाजते, सोलवटते. त्यातील एखाद्या जागी न भरणारी जखम होते आणि क्वचित ती कर्करोगात बदलते.

काश्मीरमधील ‘कांगडी’चा कर्करोग त्याहूनही आधी नोंदला गेला. फेरनच्या आत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरून बसण्याच्या सवयीमुळे पोटावर आणि मांड्यांवर होणाऱ्या या रोगाची नोंद डॉ. एल्मस्ली यांनी १८६६ साली केली होती. कारण निराळे असले तरी तत्त्व एकच आहे. तीच जागा वर्षानुवर्षे दुखावली जात राहिली की तेथील पेशी बिघडू शकतात.

हा केवळ इतिहास नव्हे. वर्धा आणि बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी २०२४ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. एकीच्या कुशीवर, परकराची नाडी घट्ट बांधली जाते तेथे, दीड वर्ष न भरणारी जखम होती. दुसरी अनेक दशके परकराशिवाय लुगडे नेसत आलेली. तिची जखम दोन वर्षांची होती. दोघींनाही त्वचेचा कर्करोग झाल्याचे आढळले आणि दुसरीच्या बाबतीत तो जांघेतील लसिका ग्रंथीपर्यंत पोहोचला होता.

कापडाच्या व्यापारात पिढ्या घालवलेल्या घरांनी ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. साडी किंवा धोतर यांत दोष नाही. दोष घट्ट, अरुंद नाडीत आणि दुर्लक्षात आहे. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा, गाठीची जागा बदलत राहावी, घरी असताना ती सैल करावी. कमरेवर वण उठला, खाज सुटली किंवा कातडी सोलवटली तर ती जागा पूर्ण बरी होईपर्यंत तेथे काहीही आवळून बांधू नये. पूजेच्या वेळी थोडा वेळ नेसलेल्या धोतराची काळजी करण्याचे कारण नाही.

भाजल्याच्या जुन्या वणांबाबतही हेच खरे. अशा वणावर उद्भवणाऱ्या कर्करोगाला एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलाँ यांचे नाव दिले आहे. भाजल्यापासून रोग उद्भवेपर्यंत सरासरी तीस वर्षे जाऊ शकतात. लहानपणी चुलीवर किंवा स्टोव्हच्या भडक्याने भाजलेल्या स्त्रीच्या वणावर साठीत जखम झाली, तर त्या दोन गोष्टींचा संबंध कोणाला सुचणार? म्हणून जुन्या वणावर नव्याने जखम झाली आणि ती काही आठवड्यांत भरली नाही, तर ती दाखवलीच पाहिजे. वणावरचा हा कर्करोग साध्या प्रकारापेक्षा लवकर पसरतो.

पांढऱ्या डागाची भीती

तिसरा प्रकार याहून वेगळा आहे. त्वचेत रक्तातील एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा कर्करोग होतो; पॅरिसचे डॉ. आलिबेर यांनी १८०६ साली त्याचे प्रथम वर्णन केले. सावळ्या वर्णाच्या मुलांत आणि तरुणांत तो फिकट डागांच्या रूपाने दिसू शकतो. पाठ, कंबर, मांड्या अशा झाकलेल्या भागावर फिकट, थोडे खवलेदार चट्टे येतात. आपल्या समाजात पांढरा डाग म्हटले की घरात शांतता पसरते. कोड असेल, मुलीचे लग्न कसे जमेल, या धास्तीने तो लपवला जातो, घरगुती लेप लावले जातात. फिकट डाग बहुधा साधेच असतात. कोड हाही संसर्गजन्य रोग नाही आणि त्यात लाजण्यासारखेही काही नाही. पण डाग बरेच महिने टिकला, वाढत गेला तर बायोप्सी करून खात्री करावी. या रोगाचे हे फिकट रूप बहुधा संथ असते आणि वेळीच ओळखल्यास विशिष्ट अतिनील किरणांच्या उपचाराने तो चांगला आटोक्यात राहतो.

उशीर कशाने होतो

अनेक जैन कुटुंबे औषधांच्या दुकानांच्या व्यवसायात आहेत. ‘नायट्यावर एखादे मलम द्या’ असे म्हणणारा ग्राहक रोज येतो. स्टेरॉइड मिसळलेले मलम लावले की लाली आणि खाज कमी होते, डाग दबतो. पण रोग मात्र आत तसाच राहतो आणि पुढे त्याचे निदान अधिक अवघड होते. तिसऱ्यांदा तेच मलम मागणाऱ्याला ‘आता डॉक्टरांना दाखवा’ एवढे सांगणे हाही धर्मच आहे.

दुसरे कारण म्हणजे ‘सुई लावली की गाठ पसरते’ हा समज. तज्ज्ञाने केलेल्या बायोप्सीमुळे त्वचेचा कर्करोग पसरत नाही. बायोप्सी टाळल्याने तो वाढतो. मेलानोमाची गंभीरता त्याच्या खोलीवर ठरते आणि ती मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरपेक्षा कमी खोलीचा मेलानोमा साधारण एक सेंटिमीटर भोवतालच्या त्वचेसह काढून टाकला की बहुतेक रुग्ण बरे होतात. तोच अनेक मिलिमीटर खोल गेला, तर बोट गमवावे लागते, लसिका ग्रंथींची तपासणी येते आणि महागडी, दीर्घकाळ चालणारी औषधे सुरू होतात.

येथे विम्याविषयीही एक गोष्ट जाणून घेणे इष्ट ठरेल. अनेक व्यापारी कुटुंबांकडे गंभीर आजारासाठी एकरकमी पैसे देणारी ‘क्रिटिकल इलनेस’ पॉलिसी असते. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाणित व्याख्येनुसार, त्वचेच्या वरच्या थरापुरताच मर्यादित असलेला मेलानोमा आणि ग्रंथींपर्यंत न पोहोचलेले त्वचेचे इतर कर्करोग या संरक्षणातून वगळलेले असतात. त्यामुळे सुरुवातीच्या अवस्थेतील शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाचा खर्च भरून देणारी नेहमीची आरोग्य पॉलिसीच उपयोगी पडते. दोन्ही पॉलिसींच्या अटी घरातील जाणत्या व्यक्तीने एकदा वाचून ठेवाव्यात. एकरकमी रक्कम मिळू शकणारी अवस्था येण्यापूर्वीच रोग संपवणे, हाच खरा लाभाचा सौदा होय.

महिन्यातून दहा मिनिटे

पडिलेहणाला नियम असतो, म्हणून ते सुटत नाही. देहाच्या या तपासणीसाठीही महिन्यातील एक तिथी ठरवावी. भरपूर उजेडात दोन्ही तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या, हातापायांची नखे पाहावीत. नेलपॉलिश असल्यास आधी काढावे. कमरेचा घेर, जुने वण, पाठ आणि तोंडाच्या आतला भाग पाहावा. सावळ्या लोकांत मेलानोमा क्वचित तोंडातही होतो. शंका आलेल्या डागाशेजारी मोजपट्टी ठेवून मोबाईलवर छायाचित्र काढावे आणि पुढच्या महिन्यात तुलना करावी. स्पष्ट धोक्याचे चिन्ह असेल तर मात्र महिनाभर थांबू नये. संघाच्या वार्षिक आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर तपासली जाते, तशी पादत्राणे काढून तळवे पाहण्याचीही सोय करावी.

ज्यांना वाकता येत नाही अशा ज्येष्ठांचे काय? आपल्या घरांत आजही नातवंडे आजी-आजोबांचे पाय चेपून देतात, सुना सासूबाईंच्या टाचांना तेल लावतात. आपण रोज वडीलधाऱ्यांच्या पाया पडतो, पण तेव्हा दिसते ती पावलांची वरची बाजू. पाय चेपताना दिवा थोडा जवळ घ्यावा आणि तळवाही पाहावा. तेथे काही नवे दिसले, तर ‘ठेच लागली असेल’ असे म्हणून उठू नये.